जठराच्या बायोप्सीसाठी तयार जिम्सा द्राव : एका छोट्या लॅबमधील वापरानंतरचे परीक्षण

एंडोस्कोपीची सोय तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचल्यापासून जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची भिंगाखाली तपासणी करणाऱ्या) लॅबमध्ये जठराच्या बायोप्सी वाढल्या आहेत. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनच्या (एच अँड ई) नेहमीच्या स्लाइडशेजारी हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जठरदाहाचा जंतू शोधण्यासाठी दुसरा कोणता स्टेन, म्हणजे रंग, ठेवावा, हा प्रश्न त्यामुळे अशा प्रत्येक लॅबला सोडवावा लागतो. आमच्या लॅबने बाजारात बाटलीबंद मिळणारा तयार जिम्सा द्राव निवडला आणि हे परीक्षण त्याच्या नियमित वापरावर आधारलेले आहे. उत्पादकाचे नाव येथे देत नाही, कारण निरनिराळ्या उत्पादकांच्या द्रावांमध्ये जाणवला तेवढाच फरक एकाच उत्पादकाच्या दोन बॅचमध्येही जाणवला. मत प्रारंभीच नोंदवतो : एवढ्या कमी खर्चात एवढे काम करणारा दुसरा स्टेन छोट्या लॅबला सापडणार नाही, मात्र बाटलीवरच्या लेबलावर आणि सोबतच्या माहितीपत्रकावर विसंबून तो लावला, तर हाती येणारी निळसर, धूसर स्लाइड पाहून पॅथॉलॉजिस्ट पुन्हा एच अँड ईकडेच वळेल.

मुळात दुसऱ्या स्टेनची गरज किती, हे आधी पाहिले पाहिजे. सेक्शन (ऊतीचा काप) तीन ते चार मायक्रॉन जाडीचा, नीट पसरलेला आणि सुरकुती नसलेला असेल व जंतू भरपूर असतील, तर एच अँड ईवरही ते पृष्ठभागावरच्या म्यूकसमध्ये (चिकट स्रावात) फिकट निळसर, वाकड्या काड्यांसारखे ओळखता येतात. प्रत्येक जठर-बायोप्सीवर सरसकट विशेष स्टेन लावू नये, अशी शिफारस अमेरिकेतील रॉजर हॅगिट पचनसंस्था पॅथॉलॉजी संघटनेने २०१३ मध्ये केली आणि ती मला पटते. सरसकट स्टेनिंगचे बिल शेवटी रुग्णाच्याच नावावर चढते. परंतु म्यूकोसामध्ये, म्हणजे जठराच्या आतल्या अस्तरात, लिम्फोसाइट व प्लाझ्मा या दाहाच्या पेशींची दाटी आहे, ग्रंथींच्या मानेत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी शिरलेल्या आहेत, एखादे लिम्फॉइड फॉलिकल, म्हणजे लिम्फोसाइटचा गोळाही आहे, आणि तरीही जंतू दिसत नाही, अशा वेळी ‘जंतू आढळला नाही’ असे लिहून मोकळे होणे योग्य नव्हे. उपचार पूर्ण झाल्यानंतर घेतलेल्या बायोप्सीलाही हेच लागू पडते, कारण तेथे जंतू उरलेच असतील तर तुरळक असतात. त्यासाठी आमच्या टेक्निशियनांनी लावलेली एक शिस्त येथे सांगण्याजोगी आहे. पहिल्यांदा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) कापतानाच दोन सेक्शन कोऱ्या स्लाइडवर राखून ठेवायचे, म्हणजे नंतर गरज पडली तर मायक्रोटोम या कापणीयंत्रावर ब्लॉक पुन्हा चढवून, त्याचा पृष्ठभाग पुन्हा सपाट करताना दोन-तीन मिलिमीटरच्या तुकड्यातील मोलाची ऊती वाया जात नाही. जिम्सा चांगला की वाईट हा विचार या राखीव स्लाइडनंतरचा आहे.

गुस्टाव्ह जिम्सा यांनी हॅम्बुर्गमध्ये १९०४ मध्ये हा रंग मलेरियाच्या परजीवीसाठी बसवला. अझ्युर, मेथिलीन ब्ल्यू आणि इओसिन या रंगद्रव्यांचे हे मिश्रण मिथेनॉल व ग्लिसरॉलमध्ये विरघळवलेले असते. मलेरियाच्या निमित्ताने आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये ही बाटली आधीपासून असतेच, आणि ऊतीसाठी तिचा विचार करण्याचे हे पहिले व्यावहारिक कारण. एकच बाटली रक्ताच्या स्मिअरसाठी, अस्थिमज्जेसाठी आणि जठराच्या बायोप्सीसाठी चालते. वेगळे रसायन, वेगळी साठवण किंवा वेगळी कालमर्यादा सांभाळावी लागत नाही.

भिंगाखाली दिसते ते असे. चांगल्या लागलेल्या स्लाइडवर पेशीकेंद्रे निळी, पेशीद्रव्य व संयोजी ऊती गुलाबीसर आणि जंतू गडद निळे दिसतात. पायलोरीची लांबी अडीच ते पाच मायक्रॉन असते. स्वल्पविरामासारखा किंवा दुहेरी वळणाचा हा जंतू फोव्हिओलर, म्हणजे पृष्ठभागावरच्या, पेशींच्या माथ्याला लगटून, म्यूकसच्या थरात आणि खळग्यांच्या तोंडाशी सापडतो. ४० च्या भिंगावर शोधायचा आणि शंका असेल तेथे ऑइल इमर्शन (तेलाचे भिंग) लावायचे, एवढे पुरते. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशींचे लालसर कण आणि मास्ट पेशींचा जांभळा रंग याच स्लाइडवर उठून येतात, हा लाभ माहितीपत्रकात लिहिलेला नाही; जठरदाहात इओसिनोफिलची संख्या विशेष वाढली आहे का, अशी शंका आल्यावर आम्ही याच स्लाइडचा उपयोग करतो. घट्ट पिळाचा, बराच लांब असा हेलिकोबॅक्टर हाइलमानी क्वचित भेटतो, तोही जिम्सावर आकारावरून वेगळा काढता येतो.

आता उणिवांकडे वळू. पहिली उणीव मूळ गुणधर्मातच आहे : पार्श्वभूमीही निळसर आणि जंतूही निळा, त्यामुळे दोन्हींतील अंतर मर्यादित राहते. ज्याची नजर या स्लाइडला सरावलेली नाही, त्याला म्यूकसमधील तंतू, फुटलेल्या पेशीकेंद्रांचे धागे आणि तोंडातून खाली आलेले इतर जंतू हे सारेच संशयास्पद वाटते. जिम्सा सर्व जंतूंना रंगवतो, पायलोरीला काही खास चिन्ह देत नाही. ओळख आकार आणि जागा या दोन गोष्टींवरूनच पटवावी लागते. इंटेस्टायनल मेटाप्लेशियाच्या, म्हणजे जठराचे अस्तर आतड्यासारखे झालेल्या, भागात पायलोरी सहसा राहत नाही. त्यामुळे गोब्लेट या आतड्याच्या धर्तीच्या पेशींच्या पृष्ठभागावर निळ्या काड्यांचा पुंजका दिसला, तर आम्ही शेजारची मूळ जठर-म्यूकोसा पाहिल्याशिवाय होकार देत नाही.

दुसरी उणीव माहितीपत्रकाची आहे, आणि माझी खरी तक्रार येथे आहे. मूळ द्राव ‘डिस्टिल्ड वॉटरमध्ये’ पातळ करावा असे त्यात म्हटले आहे; बफरचा (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावाचा) आणि पीएचचा (आम्लता सांगणाऱ्या आकड्याचा) उल्लेख नाही. जिम्साच्या बाबतीत हा तपशील सोडून देणे म्हणजे भाकरीच्या कृतीत तव्याच्या तापाविषयी न बोलण्यासारखे आहे. रंगद्रव्यांपैकी अझ्युर किती बसेल आणि इओसिन किती, हे पाण्याच्या पीएचवर ठरते. पाणी अल्कधर्मी असेल तर सगळी स्लाइड निळ्या छटेत बुडते, आम्लधर्मी असेल तर गुलाबी होऊन जंतू फिके पडतात. मलेरियाच्या स्मिअरला ७.२ पीएच लागतो, ऊतीच्या सेक्शनसाठी आम्ही ६.८ ठेवतो, एकच बाटली दोन्ही टेबलांवर फिरत असेल, तर बफरच्या बाटल्या मात्र वेगळ्या हव्यात आणि त्यांवर ठळक आकडे हवेत. जिल्ह्याच्या ठिकाणी ‘डिस्टिल्ड’ म्हणून पुष्कळदा आरओचे पाणीच वापरले जाते. ते हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होते, शिवाय त्याला स्वतःची बफर क्षमता जवळजवळ नसते. शेवटच्या धुण्यासाठी बोअरचे जड किंवा क्लोरीन घातलेले नळाचे पाणी वापरले, की आधीची सगळी काळजी व्यर्थ जाते. फॉस्फेट बफर बनवणे मुळीच अवघड नाही, त्याच्या तयार गोळ्याही मिळतात. माहितीपत्रकात एक ओळ वाढवली असती, तर अनेक लॅबचा या स्टेनविषयीचा प्रतिकूल ग्रह झालाच नसता.

तिसरी अडचण स्टेनिंगच्या शेवटच्या काही क्षणांची. आमच्या पद्धतीत पातळ केलेल्या दोन टक्के द्रावात स्लाइड अर्धा तास राहते, नंतर अगदी सौम्य ॲसेटिक ॲसिडमधून एक बुडी काढून जादा निळाई उतरवली जाते आणि मग पाणी काढायचे असते. एच अँड ईच्या सवयीने टेक्निशियन स्लाइड चढत्या अल्कोहोलमधून सावकाश नेऊ लागला, की अल्कोहोल रंग ओढून घेते आणि जंतूच आधी फिके पडतात. स्लाइड टिपकागदाने टिपून हवेत पूर्ण कोरडी करावी, मग झायलीन (ऊती पारदर्शक करणारे द्रावण) आणि डीपीएक्स (वरची काच चिकटवणारा लेप), हा मार्ग अधिक भरवशाचा आहे. पावसाळ्यात ‘कोरडी झाली’ असे वाटणारी स्लाइड झायलीनमध्ये दुधाळ दिसते. कोकणपट्टीत तर जून ते सप्टेंबर स्लाइड कोमट हॉटप्लेटवर थोडा वेळ ठेवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

तयार द्राव घ्यावा की भुकटी आणून स्वतः बनवावा, याविषयी जुन्या टेक्निशियनांची मते ठाम असतात. मलेरियासाठीची प्रचलित कृती ३.८ ग्रॅम भुकटी, २५० मिलिलिटर ग्लिसरॉल आणि २५० मिलिलिटर मिथेनॉल अशी आहे. ती शिस्तीने केली आणि द्रावाला पक्व व्हायला वेळ दिला, तर उत्तम रंग मिळतो आणि खर्चही कमी पडतो. परंतु भुकटी ग्लिसरॉलमध्ये नीट खलली गेली नाही, मिथेनॉलमध्ये पाण्याचा अंश असला किंवा भुकटीलाच दमट हवा लागली, तर बिघाड कोठे झाला हे शोधण्यात दिवस जातात. ज्या लॅबमध्ये रोज मूठभर बायोप्सी येतात आणि एकच टेक्निशियन ग्रॉसिंगपासून (तुकड्याच्या पहिल्या पाहणीपासून) लेबलापर्यंत सगळे सांभाळतो, तेथे तयार द्रावाला जास्त पैसे देणे मला रास्त वाटते. तयार द्रावाच्या दर्जात एकवाक्यता असावी म्हणून आंतरराष्ट्रीय रक्तशास्त्र मानकीकरण परिषदेने शुद्ध अझ्युर बी आणि इओसिन वायवर आधारलेल्या रंगाची शिफारस १९८० च्या दशकातच केली होती. आपल्या बाजारातील बाटल्यांवर मात्र आत कोणते अझ्युर किती आहे, हे सहसा छापलेले नसते. बॅच बदलली की रंगाची छटा बदलते, याचे एक कारण तेथे असावे.

पर्यायांशी तुलना करताना प्रथम चांदीच्या स्टेनचे नाव निघते. ऑल्ड्रेड वॉर्थिन आणि ॲलन स्टारी यांनी १९२० मध्ये सिफिलिसच्या जंतूसाठी बसवलेला हा स्टेन पायलोरीच्या इतिहासात मानाचा आहे. पर्थ येथील रॉबिन वॉरन यांना १९७९ मध्ये जठराच्या बायोप्सीवर जे वाकडे जंतू दिसले, ते याच स्टेनने ठळक झाले. पुढे बॅरी मार्शल यांच्यासह त्यांनी त्या जंतूचा जठरदाहाशी व अल्सरशी असलेला संबंध दाखवला आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. पिवळट तपकिरी पार्श्वभूमीवर काळे कुळकुळीत जंतू, असे ते दृश्य असते. चांदीच्या थरामुळे ते थोडे जाडही दिसतात. ठळकपणात जिम्सा त्याच्या जवळपासही येत नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु सिल्व्हर नायट्रेटचा खर्च, आम्लाने धुतलेली काचेची भांडी, तापमानाची आणि पीएचची नाजूक सांभाळणी, डेव्हलपरमधून स्लाइड नेमकी कधी काढायची याचा अंदाज, हे सारे रोज जमवणे छोट्या लॅबला परवडत नाही. चांदीचा साका स्लाइडवर पडला तर तोही काळाच असतो. त्यात बायोप्सी बफर नसलेल्या आम्लधर्मी फॉर्मॅलिनमध्ये आलेली असेल, तर फॉर्मॅलिनचे तपकिरी काळे कणही वाचणाऱ्याला चकवतात. चांदी, एच अँड ई आणि अल्शियन ब्ल्यू एकाच स्लाइडवर आणणारा जेंटा स्टेन दिसायला देखणा आहे, पण आमच्यासारख्यांना तो कौतुकापुरताच.

अल्शियन ब्ल्यू व पीएएस (पीरिऑडिक ॲसिड-शिफ) या म्यूसिन रंगवणाऱ्या स्टेनची जोडी ही जिम्साची स्पर्धक समजली जाते, ते बरोबर नाही. तिचा प्रश्न वेगळा आहे. २.५ पीएचचा अल्शियन ब्ल्यू आम्ल म्यूसिनला निळा करतो आणि पीएएस जठराच्या उदासीन म्यूसिनला किरमिजी, त्यामुळे किरमिजी पृष्ठभागात विखुरलेल्या निळ्या गोब्लेट पेशी, म्हणजे इंटेस्टायनल मेटाप्लेशिया, चटकन डोळ्यांत भरतो. दाहाच्या गर्दीत एकट्यादुकट्या लपलेल्या सिग्नेट रिंग या कर्करोगाच्या पेशींचा संशय आला, तरी हीच जोडी मदतीला येते आणि त्या वेळी निदान जठरदाहावरून कर्करोगावर जाणार असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये पायलोरीला पहिल्या गटातील कर्ककारक ठरवले. त्यामुळे जंतू आहे का, हे पाहणाऱ्या पॅथॉलॉजिस्टला म्यूकोसा आक्रसली आहे का आणि मेटाप्लेशिया किती आहे, हेही नोंदवावेच लागते. दोनच विशेष स्टेन ठेवणे शक्य असेल, तर जिम्सा आणि ही जोडी ठेवावी, असे माझे मत आहे.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची, म्हणजे अँटिबॉडीने जंतू दाखवण्याच्या पद्धतीची, बाजू खरोखर भक्कम आहे. पीपीआयच्या (जठरातील आम्ल कमी करणाऱ्या) गोळ्या किंवा अर्धवट प्रतिजैविके घेतलेल्या रुग्णात पायलोरी आखडून गोल होतो; असा गोल जंतू जिम्सावर इतर गोलाणूंपासून किंवा रंगाच्या कणापासून वेगळा सांगणे जवळजवळ अशक्य असते, तर अँटिबॉडी लावलेल्या स्लाइडवर तो तपकिरी रंगात स्पष्ट दिसतो. मात्र अँटिबॉडीची कुपी महाग, तिची मुदत मर्यादित, आणि प्रत्येक वेळी कंट्रोल (जंतू असल्याची खात्री असलेली) स्लाइड व अँटिजेन रिट्रीव्हलचा, म्हणजे ऊतीतील अँटिजेन पुन्हा उघडे करण्याचा, सोपस्कार आलाच. त्यामुळे निवडक ब्लॉक पुण्या-मुंबईच्या मोठ्या लॅबकडे पाठवणे आम्हाला सोयीचे पडते. उपचारानंतरची बायोप्सी, न्यूट्रोफिल आहेत पण जिम्सा निगेटिव्ह आहे अशी बायोप्सी, आणि माल्ट लिम्फोमाचा (जठराच्या अस्तरातील लिम्फोसाइटच्या कर्करोगाचा) संशय, एवढ्यांसाठीच आम्ही ते करतो. माल्ट लिम्फोमामध्ये जंतूचे उच्चाटन हाच पुष्कळदा पहिला उपचार असल्याने तेथे खर्चाचा विचार दुय्यम ठरतो.

कोणत्याही स्टेनला दोष देण्याआधी तुकडा लॅबपर्यंत कसा आला, हे विचारायला हवे. १९९० मध्ये सिडनीत मांडलेल्या आणि १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुधारलेल्या पद्धतीनुसार पाच तुकडे अपेक्षित आहेत : दोन अँट्रममधून (जठराचा खालचा भाग), दोन बॉडीमधून (मधला मोठा भाग) आणि एक इन्सिसुरामधून (दोन्हींमधला बाक). प्रत्यक्षात अँट्रमचा एकच तुकडा येतो, रुग्ण पीपीआय घेत असतो आणि त्या गोळ्यांमुळे अँट्रममधील जंतू कमी होऊन बॉडीकडे सरकलेले असतात. तपासणीपूर्वी पीपीआय दोन आठवडे आणि प्रतिजैविके चार आठवडे बंद असावीत, हा संकेत एंडोस्कोपीच्या धावपळीत सहज मागे पडतो. रक्तस्रावासारख्या प्रसंगी तर गोळ्या थांबवणे शक्यही नसते. निदान मागणीपत्रावर ‘पीपीआय चालू’ एवढे दोन शब्द असले, तरी निगेटिव्ह जिम्साचा अर्थ आम्ही वेगळा लावू शकतो. रॅपिड युरिएज टेस्टचा (जंतूचे युरिएज विकर ओळखणाऱ्या जलद चाचणीचा) निकाल जोडून मिळाला तर अधिक चांगले. तीही पीपीआयमुळे खोटी निगेटिव्ह येऊ शकते, हे ध्यानात ठेवून.

कंट्रोल स्लाइडविषयी माझा आग्रह थोडा वेगळा आहे. पुष्कळ लॅबमध्ये जंतूंनी खचाखच भरलेला ब्लॉक कंट्रोल म्हणून वापरतात. असा ब्लॉक कमकुवत झालेल्या द्रावानेही पॉझिटिव्ह दिसतो आणि बाटली निरुपयोगी झाल्याचे कोणाच्या लक्षातच येत नाही. जंतू तुरळक असलेला ब्लॉक कंट्रोल म्हणून निवडावा. त्यावर जंतू शोधायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागू लागला, की द्राव बदलायची वेळ झाली असे समजावे.

खरेदी करणाऱ्यांसाठी काही शब्द. ज्यांच्याकडे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीचे यंत्र रोज चालते आणि पचनसंस्थेचे काम मोठे आहे, त्यांना या बाटलीतून नवे काही मिळणार नाही. बाकीच्यांनी मोठ्या बाटलीची किफायत न पाहता लहान बाटली घ्यावी, कारण मूळ द्रावाचा मुख्य शत्रू ओलावा आहे आणि झाकण जितक्या वेळा उघडते तितक्या वेळा तो आत शिरतो. झाकण घट्ट बसणारी गडद काचेची बाटली पाहून घ्यावी. आम्हाला मिळालेल्या एका बॅचचे प्लास्टिकचे झाकण सैल होते आणि तो द्राव मुदतीच्या बराच आधी फिका पडला. द्राव काढण्यासाठी पूर्ण कोरडे पिपेट वापरावे, बाटली हलवू नये, पातळ केलेला द्राव त्याच दिवशी वापरून उरलेला टाकून द्यावा, कारण काही तासांतच त्यात साका बसू लागतो. बाटली उघडल्याची तारीख लेबलावर लिहावी. तळाशी राहिलेला गाळमिश्रित भाग गाळून वापरण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. ऊतीसाठी आम्ही तो वापरत नाही, कारण गाळल्यानंतर त्यात किती रंग उरला हे स्लाइड तयार झाल्यावरच कळते आणि तोवर रुग्णाची राखीव स्लाइड खर्ची पडलेली असते.